पेढे आधी वाटले गेले: ड्युनेडिनच्या ‘फर्स्ट इयर’चं एक प्रकरण

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या दारात पेढ्यांचा डबा आला. कंडेन्स्ड मिल्क आणि मिल्क पावडरचे, वर अर्धा पिस्ता दाबलेला, परदेशातल्या मराठी घरात होतात तसे. झाकणाला चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली होती : ‘लेक मेडिकलला लागली!’

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. ही मुलगी माझ्या शाळेतली नाही, पण तिची आई आणि मी गणपतीच्या स्वयंपाकात गेली काही वर्षं एकत्र असतो, त्यामुळे मी तिची मावशी. डबा घेतला, तिच्या आईला, म्हणजे वहिनींना, फोन करून अभिनंदन केलं आणि चिठ्ठीबद्दल एक अक्षर बोलले नाही. कारण लेक मेडिकलला लागलेली नव्हती, आणि हे मला माहीत होतं. ती ओटागो विद्यापीठाच्या ‘हेल्थ सायन्सेस फर्स्ट इयर’ला चालली होती. त्या दोन गोष्टींत एक अख्खं वर्ष पडलेलं असतं. पुढे जे झालं ते लिहून ठेवायला तिनं आणि घरच्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, गुणांचा हिशेब मात्र बदललेला नाही.

आधी व्यवस्था सांगते, कारण नाशिक-पुण्याला फोनवर ती समजावताना भल्याभल्यांची गाडी घसरते. २०२३ साली न्यूझीलंडमध्ये डॉक्टर घडवणारी विद्यापीठं दोनच होती, ड्युनेडिनचं ओटागो आणि ऑकलंड. बारावीनंतर थेट एमबीबीएसला प्रवेश असा प्रकार इथे नाही. विद्यापीठात जाण्याची किमान पात्रता असली की ओटागोच्या या पहिल्या वर्षाला बसता येतं. तिथे दीड हजारांहून जास्त मुलं असतात. सगळी सारखेच सात विषय शिकतात आणि वर्षअखेरीला त्यांतली थोडी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षात जातात. बाकीची दंतवैद्यक, फार्मसी, फिजिओथेरपी, लॅब सायन्स, नाहीतर साधी बीएस्सी. म्हणजे नावाला ते पहिलं वर्ष, प्रत्यक्षात फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालणारी प्रवेशपरीक्षा.

शब्दांनीही घोळ घातला. इथे ‘पेपर’ म्हणजे विषय, अख्खा सत्रभर चालणारा. वहिनींना वाटलं सात पेपर म्हणजे सात दिवसांची परीक्षा. आणि ड्युनेडिनमध्ये ‘कॉलेज’ म्हणतात वसतिगृहाला. मुलीला एका जुन्या, दगडी भिंतींच्या कॉलेजात खोली मिळाल्याचं पत्र आलं. ते नाशिकला आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी पंचवटीत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं की नातीला न्यूझीलंडच्या सगळ्यात जुन्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. ओटागोचं विद्यापीठ १८६९ चं आणि तिथलं वैद्यकीय शिक्षण १८७५ पासूनचं, त्यामुळे ‘सगळ्यात जुनं’ एवढं खरं होतं. बाकी खोलीची चावी होती.

ड्युनेडिन का

हे कुटुंब नाशिकहून आलं तेव्हा मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. वडील सॉफ्टवेअरमध्ये. अनेक वर्षं वर्क व्हिसावर काढली. कोविडनंतर सरकारनं ‘२०२१ रेसिडेंट व्हिसा’ नावाची एकदाच उघडणारी खिडकी ठेवली, त्यात त्यांचा नंबर २०२२ मध्ये लागला. तो लागला नसता तर मुलगी परदेशी विद्यार्थी ठरली असती, फी कित्येक पट आणि जागा मूठभर. व्हिसा आला म्हणून हा विषयच निघाला. पण रेसिडेन्सी मिळून तीन वर्षं झाल्याशिवाय सरकारचं बिनव्याजी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. वसतिगृहाचे पैसे वडिलांनी घराच्या डाऊनपेमेंटसाठी साठवलेल्या पुंजीतून दिले. मुलीला ही गोष्ट माहीत होती. मला वाटतं, ती माहीत नसती तर बरं झालं असतं.

ऑकलंड हॅमिल्टनहून दीड तासावर. शुक्रवारी रात्री डबा घेऊन जाता येईल एवढं जवळ. तरी ड्युनेडिन निवडलं, दक्षिण बेटाच्या खालच्या टोकाकडे, विमानाशिवाय जाणं म्हणजे फेरी बोट धरून दोन दिवस. कारण एकच. ऑकलंडला मुलाखत असते. तिथे निवडीत विद्यापीठातल्या गुणांना ६० टक्के, मुलाखतीला २५ आणि युकॅट नावाच्या कलचाचणीला १५ टक्के वजन. ओटागोला मेडिकलसाठी मुलाखत नाही. युकॅटचा ठरावीक उंबरठा ओलांडायचा, बाकी सगळं गुणांवर. वडील म्हणाले, ‘मार्कांचं आपण बघून घेऊ, मुलाखतीत काय विचारतील कुणास ठाऊक.’ कुठल्याही मराठी बापानं हेच म्हटलं असतं. मीही मान डोलावली.

इथे एक गोष्ट आम्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. ऑकलंडच्या पहिल्या वर्षाचे मेडिकलसाठीचे चार मुख्य विषय आहेत : रसायन, जीवशास्त्र, लोकसंख्या-आरोग्य आणि शरीररचना-क्रिया. त्यात फिजिक्स नाही. ओटागोच्या सातांत ते आहे. आणि या मुलीनं शाळेच्या शेवटच्या वर्षी फिजिक्स सोडून स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं.

सोडलं म्हणजे ती कच्ची होती असं नव्हे. इथल्या एनसीईए पद्धतीत शेवटच्या वर्षी साधारण पाच विषय असतात आणि मूल आपापले निवडतं. टक्केवारी नसते. अचीव्ह्ड, मेरिट, एक्सलन्स अशा श्रेणी. त्या पातळीवर एक्सलन्सचे ५० क्रेडिट जमवले की प्रमाणपत्रावर एक्सलन्सचा शेरा येतो. तिचा आला होता. शिक्षक म्हणून मला ही पद्धत आवडते, मुलं तिच्यात मोकळी वाढतात. पण अठ्ठ्याऐंशीवाला आणि चौऱ्याण्णववाला तिच्यात एकाच रांगेत उभे राहतात. ओटागोत मात्र मोजतात तो प्रत्येक टक्का.

फिजिक्स न घेतलेल्यांसाठी सत्र सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात तयारीचा छोटा वर्ग घेतात. मी तिला त्याबद्दल डिसेंबरमध्ये सांगितलं होतं, तारखा जानेवारी-फेब्रुवारीच्या. पण जानेवारीत नाशिकला चुलतभावाचं लग्न होतं. कोविडनंतर घरातलं पहिलं कार्य, चार वर्षांनी आजोबा भेटणार. हळद, लग्न, सत्यनारायण, त्र्यंबकेश्वर, मग लातूरला मामाकडे आठवडा. परतली ती ड्युनेडिनची बॅग भरायच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा पेढे झाले.

त्रिज्या अर्धी

पहिल्या सत्रात चार विषय असतात : रसायन, पेशी आणि रेणू जीवशास्त्र, मानवी शरीराचा पहिला भाग आणि जैविक भौतिकी. केमिस्ट्रीत ती मला कधी काही विचारायची नाही, उलट माझ्याच दोन जुन्या नोट्समधली चूक दाखवून गेली. फिजिक्ससाठी मात्र एप्रिलपासून रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाले.

एक कॉल नीट आठवतो. खोलीत हीटर चालू, अंगावर आजीची शाल, खिडकीबाहेर संध्याकाळी साडेपाचलाच मिट्ट काळोख. प्रश्न होता : धमनीची त्रिज्या अर्धी झाली आणि दोन टोकांतला दाबाचा फरक तोच राहिला, तर रक्ताचा प्रवाह किती होईल? तिनं पाव लिहिलं होतं. त्रिज्या अर्धी म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून प्रवाह पाव. तर्क चुकीचा म्हणावा असाही नाही, शाळेच्या भूमितीनं माणूस तिथेच पोचतो. पण चिकट द्रव नळीतून वाहतो तेव्हा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. उत्तर एक सोळांश.

‘म्हणजे मावशी, धमनी थोडीशी जरी अरुंद झाली तरी...’

‘म्हणून तर बायपास करतात,’ मी म्हटलं.

तिनं ते वहीत लाल पेननं लिहिलं, आणि मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. बाजूच्या खोलीतल्या मुलीनं हे शाळेतच केलंय, म्हणाली. ती त्या प्रकरणावर वीस मिनिटं घालवते आणि ही दोन दिवस. तिचे ते दोन दिवस कुठल्या विषयातून येत होते, हे तिला कळत होतं.

जूनच्या परीक्षा तिथे ऐन थंडीत असतात, सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही. निकाल आला : रसायन ९४, पेशी ९१, शरीर ९२, फिजिक्स ७९.

घरी आनंद झाला. तीन विषयांत नव्वदीच्या वर आणि एकात एकोणऐंशी, नाशिकच्या हिशेबानं झकास. मेडिकलसाठी प्रत्येक विषयात किमान ७० लागतात, ती अटही आरामात पार. मी मात्र त्या रात्री कागद घेऊन बसले. सातही विषयांना सारखंच वजन. पहिल्या चारांची बेरीज ३५६. अधिकृत आकडा आधी कुणाला माहीत नसतो, पण मुलांच्या तोंडी नव्वदीच्या वरचीच सरासरी असते. सरासरी ९० हवी तर सातांची बेरीज ६३०, म्हणजे उरलेल्या तिनांत २७४, दर विषयात एक्क्याण्णवच्या वर. सरासरी ९२ हवी तर उरलेल्या तिन्हींत शहाण्णव-शहाण्णव-शहाण्णव. ओटागोत ९० ला ए प्लस सुरू होतो. इथे ए प्लसवाल्यांतही वरचे लागणार होते.

हे तिला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सांगायला फोन केला तेव्हा तिनं तोच कागद आधीच केला होता, रंगीत रकान्यांसकट.

युकॅटचं प्रकरण त्या मानानं सुरळीत गेलं. जुलैच्या सुट्टीत ती हॅमिल्टनला आली आणि इथेच केंद्रावर दिली. वाचनाचा विभाग त्या वर्षी ४४ प्रश्न आणि २१ मिनिटं असा होता, अर्ध्या मिनिटाला एक. वर्षातून एकदाच देता येते. तिला जमली. पण त्या सुट्टीतले तीन आठवडे त्यात गेले आणि ती न झोपताच दुसऱ्या सत्राला परतली.

दुसऱ्या सत्रात तीनच विषय : शरीराचा दुसरा भाग, जीवरसायन आणि पॉप्युलेशन हेल्थ. हा शेवटचा विषय मुलं ‘सोपा’ म्हणून शेवटी ठेवतात. त्यात गणित नाही, रेणू नाहीत. कोण आजारी पडतं, कोण लवकर मरतं आणि का, याचा तो विषय. इथले मूळ रहिवासी माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला १८४० चा वायटांगी करार आणि आजचं आरोग्य यांचा संबंध त्यात येतो. तिनं बाकीच्या दोघांना वेळ दिला. तिथे ९३ आणि ९० आले, इथे ८८.

त्या वर्षी गणपतीत मंडपामागे एका काकांनी मला बाजूला घेतलं. ‘इथेही आरक्षण आहेच की मॅडम. माओरी, पॅसिफिक बेटांवरचे, खेड्यातले, सगळ्यांना वेगळा कोटा. आपल्या पोरांनी काय करायचं?’ वेगळे गट आहेत हे खरं. ज्या समाजांतून डॉक्टर कमी येतात आणि ज्यांना डॉक्टर सगळ्यात कमी मिळतात, त्यांच्यासाठी ते आहेत, आणि ते का आहेत हेच पॉप्युलेशन हेल्थमध्ये शिकवतात. मी काकांशी वाद घातला नाही, मोदक उकडायचे होते. पण या मुलीपुरतं माझं मत पक्कं आहे. तिची जागा कुणी नेली नाही. ती त्या जानेवारीत गेली होती, आणि तिकिटं काढताना मी ‘वर्गाला जा, लग्न राहू दे’ असं ठामपणे म्हटलं नव्हतं. चार वर्षांनी नात भेटणार म्हणून आजोबांनी अंगण सारवून घेतलं होतं. तेव्हा काय बोलणार होते?

डिसेंबर

सातांची बेरीज ६२७. सरासरी ८९.५७. फिजिक्समध्ये नव्वद असते तर ९१.१४.

मधल्या काळात एक आशा उगवली होती. सरकारनं २०२४ पासून मेडिकलच्या जागा वाढवल्या, दोन्ही विद्यापीठं मिळून ५३९ च्या ५८९. वहिनींनी बातमीचं कात्रण पाठवलं, खाली हात जोडलेले. पन्नास जागा दोन बेटांवर वाटल्या की किती उरतात, हे मी त्यांना लिहिलं नाही.

डिसेंबरमध्ये ईमेल आली. मेडिकल नाही. फार्मसी आहे. अर्ज करताना तिनं पसंतीक्रमात तीही भरली होती, घरी न सांगता. वहिनींनी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘ताई, आता पेढ्यांचं काय सांगू लोकांना?’ दुसऱ्या वाक्याला रडू आलं.

लातूरच्या मामाला मात्र उपाय तयार होता. ‘अक्का, काही नाही, एक वर्ष ड्रॉप घ्यायला सांग. आपल्याकडं पोरं दोन-दोनदा रिपीट करतात नीटला, तिसऱ्याला लागतात.’ ज्या गावाच्या नावानं अभ्यासाचा पॅटर्न आहे त्या गावात हा सल्ला चुकीचा नाही. पण नीट ही एका दिवसाची परीक्षा, ती पुढच्या वर्षी पुन्हा येते. ड्युनेडिनचं हे वर्ष पुन्हा येत नाही. या वाटेनं जायचं तर ते तुमचं विद्यापीठातलं पहिलं वर्षच असावं लागतं. एकदा सात विषय झाले की तो गट तुमच्यासाठी बंद. हे मामाला तीनदा सांगावं लागलं, आणि मला वाटतं, घरच्यांनाही ते खऱ्या अर्थानं त्याच आठवड्यात कळलं.

उरलेली वाट पदवीधरांची. आधी कुठलीतरी पदवी घ्यायची, गुण चढे ठेवायचे, पुन्हा युकॅट द्यायची आणि त्या गटातल्या थोड्या जागांसाठी अर्ज करायचा. मी तिला शरीरक्रियाशास्त्रात बीएस्सी कर म्हणाले. पहिलं वर्ष त्यात मोजलं जातं, दोन वर्षांत पदवी हातात, मग अर्ज. माझ्या दृष्टीनं सरळ हिशेब. वडील फार्मसीच्या बाजूनं होते, कारण त्यातून नोकरी निघते. दोन दिवस अशी ओढाताण चालली आणि मुलगी त्यात जवळजवळ बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली.

‘मावशी, फार्मसी पण पदवीच आहे ना?’

होती. चार वर्षांची, त्यातलं एक झालेलं. फार्मसीची पदवी असलेला माणूसही पदवीधर गटातून अर्ज करू शकतो. म्हणजे माझ्या बीएस्सीच्या वाटेनं जे दार उघडं राहत होतं तेच इकडूनही राहत होतं, फक्त एक वर्ष उशिरा, आणि दार उघडलंच नाही तर हातात व्यवसाय. शिक्षिका मी, आणि हे तिनं मला दाखवावं लागलं. माझ्या डोक्यात ‘फार्मसी’ म्हणजे मेडिकल हुकल्यावरची जागा असं घट्ट बसलं होतं. वहिनींच्या डोक्यात तर काउंटरमागे गोळ्यांच्या स्ट्रिप कापणारा माणूस होता, नाशिकच्या कॉलेज रोडवरचा. इथले फार्मासिस्ट लशी टोचतात, औषधांच्या मात्रांवरून डॉक्टरांना फोन करतात, वॉर्डात फेरीला असतात. ते त्यांना पुढे दोन वर्षांनी कळलं, सासूबाईंच्या रक्त पातळ करायच्या गोळीवरून लेकीनं नाशिकच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला लावला आणि मात्रा बदलली तेव्हा.

आता ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज, म्हणजे ते वसतिगृह, कधीच सोडलं, नदीजवळच्या एका थंडगार घरात पाच जणी राहतात, भिंतीला बुरशी आणि हीटरच्या बिलावरून भांडणं. फिजिक्सची लाल पेनवाली वही तिनं पहिल्या वर्षाच्या एका मुलीला देऊन टाकली. ती कोल्हापूरची निघाली. तिलाही फिजिक्स नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं तिसऱ्या मेडिकल स्कूलला मंजुरी दिली. वायकाटो विद्यापीठात, म्हणजे आमच्या हॅमिल्टनमध्येच, वहिनींच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त पदवीधरांसाठी, वर्षाला १२० जागा, २०२८ मध्ये सुरू करायचं ठरलंय. हिची पदवी २०२६ अखेरीला, मग इंटर्नशिपचं एक वर्ष. बोटांवर मोजलं तर थेट २०२८ येतं. वहिनींनी ते मोजलंय. बातमीची लिंक तिला त्याच संध्याकाळी गेली.

मागच्या रविवारी मी फोनवर विचारलं, लिंक बघितलीस का?

‘बघितली नाही अजून,’ ती म्हणाली. ‘उद्या वॉर्डात पहिला दिवस आहे. आईला सांगू नकोस हं, पेढे करेल.’